आकडा एकटा पाठवू नका

हवेतले परागकण आणि त्यांची मोजणी याविषयी नाशिक परिसरातून आलेल्या तीन पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर हर्स्ट पद्धतीचा बर्कार्ड सापळा (हवा ओढून तिच्यातले कण चिकट फितीवर पकडणारे यंत्र) दोन हंगाम चालू आहे. युरोपातल्या एका गटाने आमचे रोजचे आकडे मागितले आहेत. एक्सेलची फाइल पाठवली की झाले का? – वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक, नाशिकरोड

जरूर पाठवा, पण नुसती फाइल नको. आकडा कसा मिळाला हे सोबत लिहिले नसेल, तर समोरच्याला तो दुसऱ्या शहराच्या आकड्याशेजारी ठेवताच येत नाही.

ब्रिटिश संशोधक हर्स्टने 1952 मध्ये हा सापळा मांडला. तो मिनिटाला 10 लिटर हवा 2 × 14 मिलिमीटरच्या फटीतून ओढतो. आतली चिकट फीत तासाला 2 मिलिमीटर सरकते. म्हणजे दिवसाची फीत 48 मिलिमीटर आणि हवा 14.4 घनमीटर. हे सगळीकडे सारखेच. फरक पडतो तो मोजणीत. तुमच्या मायक्रोस्कोपचे दृष्टिक्षेत्र 400 पट मोठे करून पाहताना 0.5 मिलिमीटर असेल आणि तुम्ही लांबीच्या दिशेने चार ओळी मोजत असाल, तर दिवसाच्या फितीवरच्या 672 (48 × 14) पैकी 96 (4 × 0.5 × 48) चौरस मिलिमीटर, म्हणजे सातवा हिस्सा पाहून होतो. युरोपात किमान 10 टक्के पृष्ठभाग मोजण्याची अट आहे, तिच्यात तुम्ही बसता. त्या ओळींत 50 कण दिसले, तर 50 × 7 ÷ 14.4 = 24.3 कण प्रति घनमीटर. आता प्रयोगशाळेत नवा आयपीस (डोळ्याकडचे भिंग) आला आणि क्षेत्र 0.55 झाले, पण गुणक (इथला 7) जुनाच राहिला, तर रोजचा आकडा 10 टक्क्यांनी फुगतो. म्हणून क्षेत्र स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मापपट्टी कोरलेल्या काचपट्टीने) मोजून फाइलीत लिहा आणि भिंग बदलले तर ती तारीखही नोंदवा.

हवेचा ओघ आठवड्याला तपासा. पंप 8 लिटरच ओढत असेल, तर खरे 30 कण तुमच्या वहीत 24 म्हणून चढतात. हातातला रोटामीटर (हवेचा ओघ मोजणारी नळी) सापळ्याच्या तोंडाशी लावला की तो स्वतःच हवा थोडी अडवतो. मग त्यावर 10 लावलेला पंप तो काढल्यावर जास्त हवा ओढू लागतो. मोजमाप कशाने केले तेही त्यामुळे कळवावे लागते.

आपल्याकडची मोठी अडचण विजेची. पंप विजेवर चालतो, पण फीत गुंडाळलेला ड्रम किल्लीच्या घड्याळावर. वीज सहा तास गेली तरी ड्रम फिरतच राहतो आणि फितीवर 12 मिलिमीटर कोरी पट्टी निघते. त्या दिवशी हवा 14.4 नव्हे, 10.8 घनमीटर धरायची आणि चालू तासांच्या रकान्यात 18 लिहायचे. सापळा दिवसभर बंद असेल तर रकाना रिकामा ठेवा. तिथे शून्य घातलेत, तर वाचणारा समजेल की हवेत परागकण नव्हते. हंगामाची बेरीज याच चुकीने सर्वांत जास्त बिघडते. एप्रिलच्या उन्हात नुसते व्हॅसलीन पातळ होऊन ओघळते, त्यात थोडे पॅराफिन मेण मिसळा किंवा सिलिकॉनचा लेप वापरा. पावसाळ्यात स्लाइडवर बुरशी चढते, त्यामुळे मोजणी साठवून ठेवू नका.

तारीख 2025-04-03 अशी लिहा. 03/04 हे एका देशात 3 एप्रिल, तर दुसऱ्यात 4 मार्च. दिवस मध्यरात्रीपासून धरलात की सकाळी नऊपासून, वेळ भारतीय आहे की जागतिक, हेही सांगा, कारण साडेपाच तासांत फितीवरचे 11 मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. वनस्पतींची नावे लॅटिन हवीत. गवतांच्या जाती परागकणांवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत, तिथे पोएसी (गवतांचे कुळ) एवढेच लिहा. गाजर गवताचे कण बऱ्याचदा गठ्ठ्याने पडतात. गठ्ठा एक धरला की त्यातला प्रत्येक कण मोजला, हे नोंदवा. जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्या. फाइल झेनोडो या संशोधनाची माहिती साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवलीत तर तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो आणि सीसी बाय परवान्यामुळे वापरणाऱ्याला तुमचे नाव द्यावेच लागते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. युरोपात आता स्विसेन्स पोलेनोसारखी यंत्रे कण आपोआप ओळखतात, पण त्यांना शिकवलेले असते तिकडच्या वनस्पतींवर. आपल्याकडच्या वावळाच्या झाडाचा चार-पाच छिद्रांचा, सुरकुतल्या पृष्ठभागाचा कण त्या यंत्राने पाहिलेलाच नसतो. गाजर गवताचा काटेरी गोळा तर ते रॅगवीड या ॲलर्जी देणाऱ्या तणात टाकण्याची भीती आहे, कारण दोन्ही एकाच कुळातली. म्हणून झाडावरून थेट घेतलेल्या परागांच्या ओळख-स्लाइड आणि त्यांची छायाचित्रे पाठवा. नाशिककडून जगाला ही भर मोलाची ठरेल.

प्रश्न : मोबाइलवर हवा ‘चांगली’ दिसते त्या दिवशीही माझ्या मुलाला शिंकांचा त्रास होतो. परदेशी पराग-अंदाज इथे चालतील का? – एक आई, गंगापूर रोड

आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषके असतात, परागकण नसतात. त्यातले पीएम 10 हे 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे माप, आणि बहुतेक परागकण 15 ते 60 मायक्रॉनचे. त्यामुळे हवा ‘चांगली’ असणे आणि शिंका येणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

युरोपच्या कोपर्निकस या वातावरणविषयक सेवेचा अंदाज आल्डर, बर्च, ऑलिव्ह ही झाडे, मगवर्ट, रॅगवीड ही तणे आणि गवत यांचा आहे. बर्चच्या वेळापत्रकावरून वावळाचा बहर कळणार नाही. तुम्ही वहीत रोज त्रासाला 0 ते 3 गुण द्या आणि आसपास काय फुलले आहे ते लिहा. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत वावळ, पावसाळ्यात गाजर गवत, ऑगस्ट ते ऑक्टोबर गवते. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करायला जाताना ही वही डॉक्टरांना दाखवा. अंगणातले गाजर गवत फुलण्याआधीच, हातमोजे घालून उपटा.

प्रश्न : असा सापळा द्राक्षबागेत लावला तर केवडा आणि भुरी हे रोग आधीच कळतील का? – द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

या रोगांचे बीजाणू (रोग पसरवणारे सूक्ष्म कण) फितीवर येतात. भुरीचे पिंपाच्या आकाराचे असतात. केवड्याचे त्याहून लहान, लिंबासारखे. नुसते मायक्रोस्कोपखाली पाहून त्यांची खात्री देणे कठीण, त्यासाठी फितीच्या तुकड्याची डीएनए तपासणी लागते. शिवाय बीजाणू हवेत आहेत म्हणजे रोग येणारच असे नाही. केवड्याला पान किती तास ओले राहिले यावर बरेच ठरते, त्यामुळे ओलाव्याचा सेन्सर आधी घ्या. सापळा लावलातच, तर घडांच्या उंचीवर लावा आणि फवारणीच्या वेळी तोंड झाका. नाहीतर औषधाचे थेंब फितीवर बसतात आणि त्या दिवसाची मोजणी वाया जाते.