वासराच्या शेणात बुळबुळीत तार

प्रश्न : तीन दिवसांच्या कालवडीला पिवळी, पाण्यासारखी हगवण लागलीय. शेणात बुळबुळीत तार येते. दूध बंद करू का?

उत्तर : दूध तोडू नका, दादा. आतड्याला आतून चिकट पदर असतो, तो जंतूंना अडवतो. या वयात बहुधा ई. कोलाय हा जंतू बारीक तंतूंनी आतड्याला चिकटून विष सोडतो. अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. जंतू धुऊन काढायला आतडं जास्त बुळबुळ सोडतं, तीच तुम्हाला दिसते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. हळू बसली किंवा डोळे खोल गेले असतील, तर डॉक्टरांना आत्ताच बोलवा. तोवर दोन दुधांच्या मधे क्षार-पाणी पाजा.

पहिल्या सहा तासांत पोटभर चीक पाजला होता का? गोठ्यात शिरताच मी आधी हेच विचारतो. 24 तासांनंतर चिकातली प्रतिकारशक्ती रक्तात उतरत नाही.