भिंतीवरचा बोर्ड आणि पगारातली कापाकापी

तुम्ही विचारलंय, की कंपनीत गुणवत्तेचे बोर्ड लावले, ट्रेनिंग झालं, तरी कामगार चुका लपवतात. मग वरची माणसं आणि नियम यांनी वागणूक खरंच बदलते का? बदलते. तुमच्याकडची लपवालपवीसुद्धा बहुतेक त्यांनीच घडवलेली असणार.

मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. वीसेक वर्षं झाली. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो आम्ही. मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, खानापूरकडची मराठी पोरं; फेटलिंगला, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करायला, गोकाक-हुक्केरीची कन्नड; बोलणं दोन्हीची भेळ. आमच्याही गेटवर बोर्ड होता, कन्नड आणि इंग्रजीत. ज्यांना वाचता येत होता त्यांनीही तो कधी वाचला नाही. सगळे वाचायचे ती पगाराची स्लिप.

नग रिजेक्ट झाला की मोल्डरचे पैसे कापायचे, हा मोठ्या मालकांचा नियम. खिशाला चटका बसला की माणूस जपून काम करतो, असं त्यांचं म्हणणं. (१९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायची अट होती. आमच्याकडे कोण ऐकतंय!)

आता ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या नगातलं भोक, येतो कशानं? पावसाळ्यात वाळूत ओल वाढते, कोअर (नग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) नीट भाजलेला नसतो, वाळू इतकी गच्च बसते की वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही. तो तापल्या धातूत अडकतो आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. वाळू कालवतो मिक्सरवाला, कोअर येतो बाहेरून, आणि पैसे कापायचे मोल्डरचे. मग काय, फेटलिंगवाल्याला चहा पाजायचा, पोकळीत लांबी (पुट्टी) भरायची, वर ग्राइंडर फिरवायचा. नग माझ्या टेबलावरून जायचा, कारण डिस्पॅचचा आकडा मलाही गाठायचा असायचा. गिऱ्हाइकाकडे पाण्याच्या दाबाला लावला की पाझरायचा, तेव्हा बोंब. यात चोर कुणीच नव्हता. जो तो आपापला पगार वाचवत होता.

धाकटे साहेब बसू लागले तेव्हा त्यांनी कपात बंद केली. आणि सकाळी आल्याआल्या ‘किती नग गेले?’ हा प्रश्न सोडून ‘काल काय बिघडलं?’ असं विचारायला लागले. पंधरा दिवस कुणी तोंड उघडलं नाही. मग एका जुन्या मोल्डरनं, आम्ही त्याला मामा म्हणतो, चार नग स्वतःहून बाजूला काढले. फोरमन भडकला. साहेब तिथे आले, खाली बसले, मूठभर वाळू दाबून बघितली. “ओली आहे की ही, मामा. मिक्सरला कोण बघूलाय?” एवढंच बोलले. त्या दिवसापासून नग बाजूला पडायला लागले.

पुढच्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा चढला आणि अकाउंटंटनं कपाळाला हात लावला. वाईट नग आधीही तेवढेच होते, फक्त मोजणी गिऱ्हाइकाकडे व्हायची. माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते. आकडा बघून घाबरून कपात परत आणली असती तर पुन्हा दहा वर्षं कुणी बोललं नसतं. आणली नाही. दर शिफ्टला वाळूची ओल मोजून वहीत लिहायला लावली.

टोयोटाच्या कारखान्यात अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, हे ट्रेनिंगवाले सांगतात. ओढल्यावर आधी टीम लीडर धावत येतो आणि अडचण तेवढ्यात सुटली तर लाइन थांबतही नाही, हे सहसा सांगत नाहीत. मोठ्या मालकांनी कुठेतरी बघून आमच्याकडे लाल दिवा बसवला होता. दाबला तर कुणी यायचं नाही, आलंच तर शिव्या द्यायला. खंडेनवमीला त्या दिव्याला हार तेवढा पडायचा.

तुम्ही ट्रेनिंगची फाइल बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा: चूक सांगणाऱ्याला किती रुपयांचा फटका बसतो, आणि साहेबांचा सकाळचा पहिला प्रश्न काय असतो.

आमचंही सगळं सुधारलं असं समजू नका. मार्चअखेर डिस्पॅचचा ताण आला की अजून एखादा लांबी भरलेला नग सापडतो. यंदाही सापडला. मी तो गुपचूप भट्टीत टाकला, वहीत लिहिला नाही.