लेकीची पावसाची वही

पत्र : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मुलगी बारावीला आहे, गणित-विज्ञान घेऊन. गेल्या पावसाळ्यात तिने एक वही केली. घरापासून कोचिंगपर्यंतच्या रस्त्यावर पाणी कुठे साचतं, किती साचतं, हे रोज लिहायची. आता म्हणते, मला अर्बन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना, करायचंय, जगभर लोक हे काम करतात. तिचे बाबा म्हणतात, गणित इतकं चांगलं आहे तर कॉम्प्युटर घे. पुण्याचे माझे दीर म्हणतात, यात नोकऱ्याच नाहीत. मला तर ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात तेच कळत नाही. मग हो तरी कसं म्हणू? – एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. नगररचनाकार दिवसभर काय करतात? पुष्कळसं तेच, जे तुमच्या लेकीने पावसाळाभर केलं. चालतात, बघतात, मोजतात, लिहून ठेवतात. मग त्या नोंदींवरून रस्ता, गटार, शाळा, बाग, बसथांबा कुठे आणि केवढा हवा ते ठरवतात. नकाशा सगळ्यात शेवटी येतो. लोकांना दिसतो मात्र तेवढाच, म्हणून हे नकाशे काढायचं काम वाटतं.

याचा दाखला शोधायला तुम्हाला इंदूरच्या बाहेर जायला नको. पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले होते. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. तरुणपणी डोळ्यांच्या दुखण्याने सूक्ष्मदर्शक सुटला आणि पुढे ते गावं-शहरं अभ्यासायला लागले. इंदूरबद्दलचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. गल्लीबोळ पाडून रुंद रस्ते काढायची टूम तेव्हा सगळीकडे होती. गेडिस म्हणत, आधी रोगनिदान, मग शस्त्रक्रिया, आणि तीही जपून, दुखतं तेवढ्यावरच. नकाशा हातात धरून ते एकेक गल्ली पायी हिंडत.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. शहरात प्लेगची दहशत होती. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की जे मोहल्ले सगळ्यात स्वच्छ होतील त्यांच्यातून ती जाईल. घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालत होते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपल्या शहराचं नाव वर असतं, तेव्हा मला ती मिरवणूक आठवते. पुढे १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला गेले, आणि आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीवरून इंग्लंडला शिकायला गेले. शहराचा विचार करणारा माणूस समाजशास्त्राच्या खुर्चीवर बसला, हे मुद्दाम सांगते. या कामात फक्त इंजिनिअर आणि आर्किटेक्ट असतात असं नाही.

आता लेकीच्या वहीकडे येते. पाणी कुठे साचतं याच प्रश्नातून इंदूरमध्ये एक मोठं काम उभं राहिलं. १९९० च्या आसपास हिमांशु पारीख या इंजिनिअरने आपल्या वस्त्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गरिबांच्या झोपड्या बहुतेक नदी-नाल्यांच्या काठाला, सखल जागी आहेत. म्हणजे शहराचं पाणी उताराने आपोआप जिकडे वाहत जातं, तिथेच. मग गटारं त्याच वाटेने टाकली तर पंप कमी लागतील, वस्तीलाही सोय होईल आणि साऱ्या शहराचं सांडपाणीही वाहून जाईल. वस्ती ही शहराची अडचण मानण्याऐवजी त्यांनी तिला शहराच्या नळ-गटारांच्या जाळ्यातला दुवा मानलं. या कामाला १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. त्याआधी १९९५ मध्ये तोच पुरस्कार इंदूरच्याच विजयनगरकडच्या अरण्य वसाहतीला मिळाला होता. ती वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखली. जन्माने पुण्याचे, कर्माने अहमदाबादचे, आणि वास्तुकलेतल्या प्रित्झकर पुरस्काराचे २०१८ चे मानकरी. सुमारे ६,५०० घरांच्या या वसाहतीत गरीब कुटुंबांना पुरं घर बांधून दिलेलं नव्हतं. जोतं, न्हाणीघर-संडास, नळ आणि वीज एवढं द्यायचं, पुढचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. हे कुठून सुचलं? आखणीच्या आधी दोशींच्या संस्थेने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्या टेप घेऊन मोजल्या होत्या. ओटा केवढा, बायका कुठे बसतात, ठेला कुठे लागतो, झाडाखाली काय चालतं. ही सगळी टिपणं.

परदेशातही हेच. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात एवा काइल नावाच्या नियोजनकार आहेत. १९९० च्या दशकात तिथे असं दिसून आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत येणं सोडतात. मोठी मुलं मैदान अडवून बसायची, मुलींना जागाच उरत नसे. तेव्हा दोन बागा नव्याने आखल्या. दारं वाढवली, मोकळ्या जागेचे भाग पाडले, बसायला जागा केल्या, दिवे लावले. मुली परत येऊ लागल्या. ताई, तुम्ही तुमच्या कॉलनीतल्या बागेत संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा, चौदा-पंधरा वर्षांच्या किती मुली दिसतात. हा प्रश्न व्हिएन्नाचा एकट्याचा नाही. आणि तो विचारायला तिथेही एका बाईलाच पुढे व्हावं लागलं.

बार्सिलोनाचा प्रसिद्ध चौकटींचा आराखडा १८५९ चा. तो करणारे इल्देफोन्स सेर्दा सिव्हिल इंजिनिअर होते, आणि आधी त्यांनी तिथल्या मजुरांची घरं, भाडी, मजुरी यांचे आकडे स्वतः गोळा केले होते. तिच्या बाबांना सांगा, गणित इथे वाया जात नाही. वीस वर्षांनी लोकसंख्या किती, त्यांना पाणी किती, चौराह्यावरून तासाला गाड्या किती, हे सगळं आकड्यांचंच काम आहे. कॉम्प्युटरही सुटत नाही. आज नगररचनेचं बरंचसं काम जीआयएसवर, म्हणजे संगणकी नकाशांवर चालतं.

आता दिरांचं म्हणणं. ते पूर्ण चूक नाहीत. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, म्हणजे नगररचनेचा कायदा, आहे, त्याचं खातं आहे, विकास प्राधिकरणं आणि नगर निगम आहेत. पण सरकारी जागा थोड्या, आणि भरती कधी निघेल याचा भरवसा धरू नये. बहुतेक मुलं खाजगी सल्लागार कंपन्यांत लागतात. मेट्रो, पाणीपुरवठा, वाहतूक, घरबांधणी यांचे अहवाल तिथे तयार होतात. सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल. हे लेकीला आत्ताच सांगा, नंतर कळून वाईट वाटण्यापेक्षा बरं.

आणखी एक गोष्ट पगाराहून अवघड आहे. या कामात आपलं काम डोळ्यांदेखत अडताना किंवा मोडताना बघावं लागतं. इंदूरचा मास्टर प्लॅन, म्हणजे शहराचा विकास आराखडा, २०२१ सालापर्यंतचा होता. ते साल उलटलं तेव्हा नवा तयार नव्हता. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात आर्किटेक्ट महापौर जेमी लर्नर यांनी १९७४ मध्ये बससाठी वेगळी मार्गिका काढली, आणि जगभरातली शहरं त्या वाटेने गेली. आपला निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा बीआरटीएस, म्हणजे असाच बसचा वेगळा मार्ग, २०१३ मध्ये सुरू झाला. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर तो काढायला घेतला. त्यावर किती जणांनी किती वर्षं डोकं घातलं असेल! तो असावा की नसावा यावर घरोघर वाद झाले, ते होऊ देत. पण ज्या मुलीला हे काम करायचंय तिला असं काही पचवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला जाता आलं पाहिजे. माझ्या मते या शाखेची खरी पात्रता हीच.

कॉलेजांचं थोडक्यात सांगते. चार वर्षांची पदवी आहे, बी.प्लॅन. त्यासाठी जेईई मेनचा पेपर २-बी द्यायचा. त्यात गणित, अभियोग्यता आणि नियोजनावरचे प्रश्न असतात, चित्रकला नसते. बारावीला गणित हवंच. भोपाळला एसपीए, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, आहे, तिथल्याच मॅनिट या इंजिनिअरिंगच्या संस्थेतही हा अभ्यासक्रम आहे. त्याशिवाय दिल्ली आणि विजयवाड्याची एसपीए. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आणि पुण्याचं सीओईपी, म्हणजे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, हेही बघून ठेवा, तिथले प्रवेशाचे नियम वेगळे असतात. जेईईच्या एकाच अर्जात इंजिनिअरिंग आणि प्लॅनिंग असे दोन्ही पेपर निवडता येतात. तेव्हा बाप-लेकीतला वाद आजच मिटवायची गरज नाही, दोन्ही भरा. आणि समजा तिने सिव्हिल, भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलं, तरी नंतर दोन वर्षांच्या एम.प्लॅनला जाता येतं.

एक कबुली द्यायची आहे. बरीच वर्षं मी मुलांना ही शाखा ‘आर्किटेक्चर नाही मिळालं तर’ म्हणून सांगत असे. ते चुकलंच माझं. ही उरलीसुरली जागा नव्हे. तुमच्या लेकीसारखी, आधी वही करून मग शाखेचं नाव शोधणारी मुलं माझ्याकडे फार थोडी आली आहेत. म्हणून मला वाटतं, तुम्ही हो म्हणावं.

तोवर दोन कामं करा. एखाद्या रविवारी पोहे-जलेबी झाली की तिघंही अरण्यमध्ये जा. तिच्या बाबांच्या हातात टेप द्या आणि दोन-चार ओटे मोजा. तिथल्या एखाद्या आजींना विचारा, तुमचं घर आधी केवढं होतं आणि कधी कसं वाढलं. दुसरं, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. परीक्षा संपल्यावर तिला वहीतल्या जागा त्यात नकाशावर मांडू दे, म्हणजे पाणी नाल्याच्या जुन्या वाटेवर साचतंय की रस्ता उंच झाल्यामुळे, याचा माग लागेल.

आणि तिला विचारा, वहीत पाणी साचल्याची वेळ लिहिली आहे, ओसरल्याची लिहिली आहे का? नसेल तर पुढच्या पावसात दोन्ही लिहायला सांगा.