काउन्टनन्स: चेहरा, संमती आणि मिरजेचा तानपुरा

सांगलीच्या विश्रामबागेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय, इंग्रजी 'काउन्टनन्स' म्हणजे चेहरा की संमती? तिने वाचलेल्या एका पत्रात 'मॅनेजमेंट विल नॉट काउन्टनन्स इनडिसिप्लिन' असं वाक्य होतं आणि खाली मराठीत छापलं होतं 'व्यवस्थापन बेशिस्तीला चेहरा देणार नाही'. वर क्लासच्या सरांनी सांगितलं की हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग योगायोगाने सारखं, दोन्ही अर्थ पाठ करून टाक.

हे 'योगायोगाने सारखं' ऐकलं की माझं डोकंच फिरतं. शब्द एकच आहे हो. आणि पाठ करायला सांगून सरांनी तिची सगळी मजा घालवली.

चेहरा हा अर्थ कुठल्याही डिक्शनरीत मिळेल, त्यावर वेळ घालवत नाही. मूळ बघा. लॅटिन 'कॉन्टिनेन्शिया' म्हणजे संयम, स्वतःला धरून ठेवणं. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'कॉन्तनान्स' झालं, अर्थ माणसाची वागण्याची ढब, आणि तिथून १३व्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आलं. आता माणसाने स्वतःला कितपत आवरलंय हे पहिल्यांदा कुठे दिसतं तर तोंडावर, म्हणून ढबीचा अर्थ सरकत सरकत चेहऱ्यावर आला. म्हणजे 'काउन्टनन्स' हे नुसतं नाक-डोळे नव्हे, तो आवरलेला चेहरा. 'कीप युवर काउन्टनन्स' म्हणजे हसू दाबून तोंड सरळ ठेवणं, आणि 'आउट ऑफ काउन्टनन्स' म्हणजे तोच ताबा सुटून ओशाळणं. दवाखान्यात 'इनकॉन्टिनन्स' म्हणतात ना, लघवी धरता न येणं, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ, त्याच लॅटिन मुळाचा. आणि काहीजण 'काउन्ट' म्हणजे मोजणं यावरून हा शब्द लावतात, तसलं काही नाही. मोजणीचा इथे काडीचा संबंध नाही.

त्या लॅटिन शब्दाच्या पोटात 'तेनेरे' आहे, धरणे. कंटेनर, मेंटेन, टेनंट, सगळी याचीच पोरं. आणि भाषाशास्त्रात या 'तेन्'ची गाठ आपल्या संस्कृत 'तन्' धातूशी घालतात, ताणणे, पसरणे. म्हणजे तंतू, तंत्र, तनु, आपला रोजचा 'ताण' आणि गाण्यातली 'तान', सगळं एका घरातलं! मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत कधी उभं राहून बघा, कारागीर खुंटी पिळतो, तार ताणतो, कान लावतो, परत जरा सैल करतो, आणि नेमकी जागा सापडली की तिथे तार धरून ठेवतो. ताणणं आणि धरणं ही एकच क्रिया कशी हे तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि तानपुऱ्यातली 'तान' आणि इंग्रजी साहेबाच्या चेहऱ्यावरचा 'काउन्टनन्स' दूरचे का होईना नातेवाईक आहेत. मला तर वाटतं 'चेहऱ्यावर ताण' म्हणताना आपण नकळत या शब्दाच्या मुळाशीच जाऊन बसतो.

बरं, संमती कुठून आली. वरच्या माणसाने तुमच्याकडे तोंड वळवलं की कृपा झाली, तोंड फिरवलं की संपलं. १६११च्या इंग्रजी बायबलात आशीर्वाद आहे की परमेश्वर आपला काउन्टनन्स तुझ्यावर उचलो आणि तुला शांती देवो, तिथे चेहरा आणि कृपा वेगळे काढताच येत नाहीत. हॅम्लेटमध्ये तर दोन्ही अर्थ सापडतात, भुताच्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुःख जास्त होतं हे सांगताना हाच शब्द, आणि पुढे राजाची मर्जी शोषून घेणाऱ्या दरबाऱ्याला हॅम्लेट स्पंज म्हणतो तिथेही हाच. आपल्याकडे जत्रेच्या पंगतीत बघा की, ओळखीचं तोंड दिसलं की वाढप्याची पळी बादलीच्या तळाला जाते आणि फोडी वर येतात, अनोळखी असला की नुसता रस्सा. तोंड बघून वाढणं म्हणतात ते हेच, फक्त इंग्रजीत तोंड देणाऱ्याचं आणि आपल्यात घेणाऱ्याचं.

इथे एका अनुवादकांशी माझं बिलकूल पटत नाही. त्यांनी या क्रियापदाला 'मुखत्यारी देणे' सुचवलंय, का तर म्हणे त्यात 'मुख' पण आहे आणि अधिकार पण. अहो, मुखत्यार हा अरबी 'मुख्तार', म्हणजे निवडलेला, त्यात आपलं मुख कुठून आलं? चेहऱ्यावरून आलेला शब्दच हवा असेल तर 'अब्रू' घ्या, फारसी 'आब' म्हणजे पाणी किंवा तेज आणि 'रू' म्हणजे चेहरा. तोही इथे बसणार नाही, पण निदान खरा आहे.

माझ्या मते मराठीत याच्या सगळ्यात जवळ जातो 'मुद्रा'. गंभीर मुद्रा म्हणजे चेहरा, आणि मुद्रा म्हणजे शिक्का, मंजुरीचा. शिवाजी महाराजांच्या पत्रात वर राजमुद्रा असते आणि शेवटी दुसरी छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. मंजुरीला आपण शिक्कामोर्तब म्हणतो ते या दोन टोकांच्या शिक्क्यांवरून, वरचा शिक्का आणि शेवटचं मोर्तब. चेहरा, मंजुरी आणि मर्यादा, तिन्ही एका कागदावर! साताऱ्याच्या गादीच्या मुलखात राहून हे आपल्याला शाळेत कुणी सांगू नये याचं मला फार वाईट वाटतं.

हां, ते पत्रातलं वाक्य राहिलंच. 'बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही', बस. जरा भारदस्त हवं असेल तर 'थारा दिला जाणार नाही'. हे क्रियापद इंग्रजीत बहुतेक वेळा नकारातच येतं, आणि आपलं 'खपवून घेणे' पण तसंच वापरतात, त्यामुळे चपखल बसतं. आणि तोंडी परीक्षेत म्हणायची वेळ आली तर जोर 'काउन्'वर द्यायचा, मधला 'ट' हलका, 'काउंटेनन्स' असं ओढायचं नाही.