रूट सातचा कॅन

लश्कर, ग्वाल्हेर

बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री डेअरीतल्या मीटिंगबद्दल फोनवर सांगताना तू रडली नाहीस, पण आवाज बसला होता. "काका, परत जाणाऱ्या दुधाच्या कॅनवर ४२ स्लाइड्स केल्या, एक आकडा चुकीचा नव्हता, आणि जी.एम. (जनरल मॅनेजर) शेवटी एवढंच म्हणाले, अच्छा काम है, देखते हैं." मी मालनपूरच्या कारखान्यात २९ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. "देखते हैं" मी पुष्कळ ऐकलंय. नकार मिळाला तर निदान भांडता येतं. "देखते हैं" म्हणजे तुझं बोलणं त्यांच्या कानावरून गेलं आणि दारापर्यंत पोचायच्या आत विरून गेलं.

तू पाठवलेली फाइल मी दोनदा पाहिली. काम उत्तम आहे. हे आधी सांगतो, कारण आता तू कामावरच शंका घ्यायला लागली आहेस. उणीव कामात नाही, ते समोरच्याच्या गळी उतरवण्यात आहे, आणि ती भरून काढता येते.

तू लहान असताना आजीबरोबर ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जायचीस, आठवतं? डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी समाधीपाशी त्यांची हरिकथा होते, तिथेही एकदा आपण सगळे थंडीत कुडकुडत बसलो होतो. कीर्तनकार काय करतो ते नीट आठव. पूर्वरंगात तो एक अभंग घेतो आणि त्याचं निरूपण करतो. मग बुक्का लागतो, हार घातला जातो, आणि उत्तररंगात आख्यान येतं. लोक घरी जाताना आख्यानच आठवत जातात. पण ते आख्यान मनोरंजनासाठी घातलेलं नसतं. पूर्वरंगात जे सांगितलं तेच माणसांच्या अंगावरून जाताना दाखवायला ते असतं, आणि म्हणूनच बुवा शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात. आख्यान कितीही रंगलं आणि अभंगाकडे परतलं नाही, तर जुनी माणसं म्हणायची, "गोष्ट छान झाली, कीर्तन झालं नाही."

तू परवा दीड तास नुसता पूर्वरंग केलास.

आता माझं सांगतो. बॉयलरच्या आयडी फॅनचं, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याचं, एक बेअरिंग होतं. दर आठवड्याला मी व्हायब्रेशन मीटर लावून वाचन घ्यायचो. तीन महिन्यांत ते दुपटीच्या वर गेलं. मी १८ पानांचा रिपोर्ट केला, प्रत्येक पानावर कोष्टक, आणि शेवटच्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं की बेअरिंग बदलायला आठ तासांचं शटडाउन द्यावं. मीटिंगमध्ये पानं उलटली गेली. प्रॉडक्शनवाल्यांनी विचारलं, "फॅन चल रहा है ना?" चालत होता. मग अकराव्या दिवशी रात्री दोनला तो सीझ झाला, जागच्या जागी जाम. आठ तासांच्या जागी अडीच दिवस बॉयलर बंद राहिला. कुणी मला बोललं नाही, कारण रिपोर्ट दिलेला होता. पण मला आतून माहीत होतं की मी रिपोर्ट दिला होता, सांगितलं काहीच नव्हतं.

ते बेअरिंग मी ठेवून घेतलं. पुढच्या वेळी दुसऱ्या फॅनचं वाचन चढायला लागलं, तेव्हा मीटिंगला कागद एकच नेला आणि सोबत त्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग. मॅनेजरांच्या हातात दिली आणि म्हटलं, "साहब, अंदर से उंगली फिराइए." बोट गुळगुळीत फिरत फिरत एका जागी अडकतं. तिथे धातूचे पापुद्रे सुटून नखाएवढे खड्डे पडलेले. ते बोट खड्ड्यावर असतानाच मी सांगितलं, हा खड्डा पडायला लागला त्या आठवड्यात मीटर एवढं दाखवत होतं. दुसरा फॅन आज तेवढंच दाखवतोय. शटडाउन त्याच दुपारी मिळालं. आकडे दोन्ही वेळी सारखेच होते.

तुझ्याकडे रिंग नाही, पण कॅन आहे. आणि तो तू ३१व्या स्लाइडवर पुरून ठेवला आहेस.

तिथे तू दाखवलंय की रूट सातवर, म्हणजे गावोगावचं दूध गोळा करणाऱ्या गाडीच्या सात नंबरच्या वाटेवर, एप्रिल ते जून जे कॅन खराब म्हणून परत गेले, त्यांतले बहुतेक पहिल्या गावचे. त्या स्लाइडवरून तू अर्ध्या मिनिटात पुढे सरकलीस. मी तिथेच थांबलो. पहिल्याच गावचे का? कारण तो कॅन गाडीत सगळ्यात आधी चढतो आणि सगळ्यात जास्त वेळ उन्हात हिंडतो. सारं म्हणणं या एका वाक्यात आहे. आता त्या कॅनबरोबर चाल. पहाटे साडेपाचला धार काढली. संकलन केंद्रावर फॅट आणि एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं, दूध चांगलं ठरलं, ४० लिटरच्या कॅनमध्ये गेलं. गाडी आली, कॅन चढला. मग सगळी गावं. डेअरीच्या डॉकवर, जिथे कॅन उतरवतात तिथे, पोचेपर्यंत मे महिन्यातली दुपार, आणि आपल्याकडचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास. दूध ४ अंशांवर असायला हवं. कोमट दुधात जिवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. म्हणजे वाटेतलं प्रत्येक गाव त्या कॅनला महाग पडतं. डॉकवरची केमिस्ट परीक्षानळीत थोडं दूध घेते, उकळते, आणि नळीच्या काचेला बारीक दाणे चिकटतात. सी.ओ.बी., म्हणजे उकळल्यावर दूध फाटतं का ही चाचणी, पॉझिटिव्ह. कॅन परत.

ज्याच्या गाईचं ते दूध, त्याची सकाळी काहीच चूक नव्हती. हे ऐकलेला माणूस "तिथे बल्क कूलर (दूध गावातच गार करायची टाकी) बसवा" हे तुझ्या तोंडून यायच्या आत स्वतः म्हणेल. माणसाला स्वतःला सुचलेली गोष्ट फार लवकर पटते.

मात्र हा कॅन निवडताना जपून. तुझा हात आपोआप सगळ्यात वाईट दिवसाकडे जाईल, ज्या दिवशी गाडी पंक्चर झाली आणि दुपारी तीनला पोचली. तो दिवस घेऊ नकोस. वेळा चढत्या क्रमाने लाव आणि मधल्या दिवसाच्या आसपासचा, कुणाच्या लक्षातही न राहिलेला एखादा मंगळवार उचल. त्यावर सांगता येतं की "असं बहुतेक दिवशी होतं." वाईट दिवसावर कुणीही म्हणेल, "वो तो एक दिन की बात थी," आणि त्याचं खरं असेल.

ही चूक मी केलेली आहे, म्हणून एवढं बजावतोय. रिंगचा प्रयोग यशस्वी झाल्यावर मला गोष्टीची ताकद कळली, आणि एका फुटलेल्या पंपाची हकीकत मी इतकी रंगवून सांगितली की त्या प्रकारचे सगळे पंप बदलायला मंजुरी मिळाली. नवे पंपही वर्षभरात तसेच बिघडले. दोष पंपांत नव्हताच, फाउंडेशन आणि अलाइनमेंटमध्ये होता. माझ्या नोंदवहीत ते दिसत होतं. गोष्टीच्या भरात मी वही उघडलीच नाही. पैसा कारखान्याचा गेला, पण त्याचं ओझं अजून मला वाटतं. ज्याला गोष्ट सांगता येते, त्याच्यावर आकड्यांशी इमान राखायची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त येते.

आता ३६वी स्लाइड. तिथे खाली बारीक अक्षरात तू लिहिलंय की रूट तीन विश्लेषणातून वगळला, आउटलायर, म्हणजे बाकीच्यांत न बसणारा. मी थक्क झालो. रूट तीन सातपेक्षा लांबचा, गाडीला वेळ जास्त, तरी त्याचं दूध चांगलं येतं. तू फोनवरच सांगितलंस की त्याच्या पहिल्या गावात आधीपासून बी.एम.सी., म्हणजे तोच बल्क कूलर, आहे. बेटा, तो तुझा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे, आणि तू त्याला कोर्टाबाहेर बसवलंस!

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता, पाण्यातून पसरतो, आणि त्याचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या एका हातपंपावर होता. पंपाभोवतीच्या मृत्यूंची मोजणी त्याने केलीच. पण नुसत्या मोजणीवर हवावाले म्हणू शकत होते की त्या गल्लीची हवाच वाईट. म्हणून तो नियमात न बसणाऱ्या माणसांच्या मागे गेला. पंपाजवळच्या बिअर बनवायच्या कारखान्यात सत्तरएक कामगार होते, त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही. त्यांना तिथली माल्ट दारू मिळायची, मालकाच्या मते ते पाणी पीतच नसत. पलीकडच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसं, मेली फक्त ५. तिथे स्वतःची विहीर. आणि उलट बाजूला, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई, जी कित्येक महिन्यांत सोहोकडे फिरकलीही नव्हती, ती कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज एक बाटली तिच्याकडे जात होती. तिच्याकडे आलेल्या भाचीनेही ते पाणी प्यायलं, तीही इस्लिंग्टनला परत जाऊन मेली. हवा हॅम्पस्टेडला पोचली नव्हती, बाटली पोचली होती.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. त्याने साथ थांबली अशी कथा सगळीकडे सांगतात, पण लोक आधीच पळून गेले होते आणि साथ उतरणीला लागली होती, हे खुद्द स्नोने लिहून ठेवलंय. स्वतःच्या गोष्टीचा सगळ्यात गोड शेवट त्याने स्वतःच सोडून दिला. मला तो माणूस त्यामुळे फार जवळचा वाटतो.

आणि वगळलेल्या ओळी काय करू शकतात तेही ऐक. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री काही इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत जीव तोडून सांगत होते की एवढ्या थंडीत चॅलेंजर अवकाशयान सोडू नका, रॉकेटच्या सांध्यांतली रबरी रिंग दगा देईल. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण त्यांनी मांडलं ते ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती तेवढ्यांबद्दल. त्यांत ५३ अंश फॅरनहाइटचं थंड उड्डाण होतं तसं ७५ अंशांचं उबदारही होतं, मग ऐकणाऱ्याला थंडीचा संबंध दिसणार कुठून? इजा न झालेली उड्डाणं शेजारी मांडली असती तर चित्र वेगळं झालं असतं. पुढे चौकशी आयोगाने ती मांडली: ६६ अंश आणि वर २० उड्डाणांत फक्त ३ वेळा इजा, ६३ आणि खाली चारही उड्डाणांत. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी यान उडालं, ७३ सेकंदांत सात माणसं गेली. त्या इंजिनिअरांना मी दोष देत नाही. त्या रात्री खरं बोलणारे तेच होते. पण न बिघडलेल्या गोष्टी मांडल्याशिवाय बिघडलेल्या बोलत नाहीत. रूट तीनला सातच्या शेजारी आणून बसव.

बाकीचं थोडक्यात. सुरुवात "प्रस्तावना" आणि "कार्यपद्धती" यांनी करू नकोस. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा गवई बंदिशीची स्थायी आणि अंतरा आधी स्वच्छ मांडतो, बढत, म्हणजे विस्तार, मग. तशी तुझी स्थायी पहिल्या मिनिटात येऊ दे: रूट सातच्या पहिल्या गावी कूलर बसवला तर उन्हाळ्यात परत जाणारे बहुतेक कॅन वाचतील. आलेखाच्या डोक्यावर "अ‍ॅसिडिटी विरुद्ध वेळ" लिहिण्याऐवजी त्यातून काय दिसतं ते वाक्य लिही. स्टँडर्ड डेव्हिएशन, हीटमॅप, सगळं मागे ठेव, फेकू नकोस. विचारलं की काढून दाखवायचं. तेव्हा त्याचं वजन पडतं. आणि रकमेचा हिशेब दे. जी.एम.ना वर जाऊन कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं, त्यांच्या हातात ते उत्तर ठेव.

एक भाषेचं. मीटिंग हिंदीत, स्लाइड इंग्रजीत आणि डोकं मराठीत, असं आपलं सगळ्यांचंच इथे चालतं. तू इंग्रजी स्लाइड वाचत हिंदी बोललीस, म्हणून ते बोलणं कुणाचंच राहिलं नाही. गोष्ट आधी मराठीत पूर्ण सांगून बघ, जशी आईला सांगशील. मग हिंदीत सांग. स्लाइड शेवटी कर.

जमलं तर डॉकवरच्या केमिस्टला सांगून मीटिंगच्या दिवशी दोन परीक्षानळ्या घे, एक रूट तीनची, एक सातची. दोन्ही त्याच दिवशीच्या, जशा निघतील तशा. सातची त्या दिवशी चांगली निघाली तर चांगलीच दाखव आणि का निघाली ते सांग.

रविवारी संध्याकाळी घरी ये. लॅपटॉप आणू नकोस. स्वयंपाकघरात बसून काकूला रूट सातच्या कॅनची गोष्ट सांग. ती जिथे पोळी लाटायची थांबेल ती जागा लक्षात ठेव, आणि जिथे "बरं, मग?" म्हणेल तीही. मला खात्री आहे, ती विचारणार, "परत गेलेल्या दुधाचं त्या माणसाने काय केलं गं?" तुझ्या ४२ स्लाइड्समध्ये याचं उत्तर नाही. रविवारच्या आत पहिल्या गावच्या केंद्राच्या सेक्रेटरींना फोन करून विचारून ये.

तुझा,
काका