राफेल: विमान, नदाल आणि देवदूत

प्रश्न असा: राफेल विमान, राफेल नदाल आणि ख्रिस्ती परंपरेतला राफेल देवदूत, ही तिन्ही नावं एकाच मुळातली का?

विमान आधी बाजूला काढू. फ्रेंचमध्ये ‘राफाल’ म्हणजे वाऱ्याचा जोरदार झोत; बंदुकीच्या सलग फैरीलाही तोच शब्द. देवदूताशी त्याचा सुतराम संबंध नाही. आपल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी दोन्हीकडे ‘राफेल’ लिहिलं, म्हणून हा घोळ. माझं मत विचाराल तर विमानाला राफालच लिहावं.

नदालचं नाव मात्र थेट हिब्रूतून आलेलं. ‘रफा’ म्हणजे बरं करणं, ‘एल’ म्हणजे देव. ‘देवाने बरं केलं’ असा अर्थ. आजच्या हिब्रूतही डॉक्टरला ‘रोफे’च म्हणतात.

देवदूताचंही नाव हेच. हा रफाएल भेटतो तो कॅथलिक बायबलमधल्या तोबीतच्या ग्रंथात. निनवेतला तोबीत डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडून आंधळा होतो आणि ठेव म्हणून ठेवलेले पैसे आणायला मुलाला, तोबियाला, मेदी देशात पाठवतो. वाटाड्या म्हणून अजऱ्या नावाचा एक तरुण सोबत निघतो. (मागून घरचा कुत्राही. बायबलमध्ये कुत्र्याला इतकी चांगली वागणूक क्वचितच मिळते!) तैग्रिस नदीत एक मासा तोबियावर झेप घेतो. अजऱ्या सांगतो, पकड त्याला, आणि पित्त, काळीज, यकृत जपून ठेव. पुढे सारा नावाच्या मुलीशी तोबियाचं लग्न ठरतं. तिचे आधीचे सात नवरे अस्मोदेउस या भुताने लग्नाच्या रात्रीच मारलेले. काळीज आणि यकृत निखाऱ्यावर टाकल्यावर त्या धुराने भूत पळतं, आणि घरी परतल्यावर पित्ताने बापाची दृष्टी येते. हा अजऱ्या म्हणजेच वेष पालटलेला रफाएल. तो स्वतः चमत्कार करत नाही, वैद्यासारखा नुस्खा सांगतो. मला हेच आवडतं. शेवटी तो उघड करतो, की देवासमोर उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी मी एक.

‘आद्यदेवदूत’ ही पदवी त्याला तिथे लावलेली नाही, ती नंतरच्या परंपरेची. बायबलच्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो आणि त्यात नावानिशी फक्त मीखाएल. कॅथलिक पंचांगात मीखाएल, गब्रिएल आणि रफाएल या तिघांचा सण २९ सप्टेंबरला असतो.

घरी प्रॉटेस्टंट आवृत्ती असेल तर मात्र तोबीत सापडणार नाही. हिब्रू बायबलमध्ये नसलेले ग्रंथ त्यांनी वगळले. त्यात रफाएल शोधायला गेलात तर ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात एक जण मिळेल, पण तो मंदिराच्या द्वारपाळांच्या घराण्यातला साधा माणूस.