पार्लर गिटार घेण्याआधी

तू दाखवलीस ती पार्लर, म्हणजे लहान अंगाची गिटार, देखणी आहे, वाद नाही. पण राहतोस फोंड्यात, आणि गिटार घेऊन कोकण रेल्वेने भटकणार, तेव्हा आधी लाकडाचं बघ. अखंड लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसात ती ८० च्या वर जाते. माझी पहिली गिटार जूनपासून कपाटावर उघडी होती. चवथीला काढली तर वरची फळी पोट सुटल्यासारखी फुगलेली, तारा इतक्या वर की बोटं सोलली. म्हणून प्रवासाला लॅमिनेटचीच, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचीच घे. आवाज थोडा बसका, पण झोप शांत लागते.

जुन्या धाटणीची हवी तर नवीनच घे. खऱ्या जुन्या गिटारींत बऱ्याचदा ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ करायला तिच्या आत बसवलेली धातूची सळई, नसतो, मग वाकलेली मान सरळ करणं खर्चाचं काम. बहुतेक पार्लरमध्ये मान बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) अंगाला मिळते. पूर्वी हीच रीत होती. मग मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९२९ मध्ये चौदाव्या फ्रेटवर मान मिळणारं ओएम मॉडेल काढलं. तुला वरचे सूर क्वचितच लागतील, त्यामुळे अडणार नाही.

मान वाकलीय का बघायला दुकानात सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकदम दाब. सातव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये कागद जाईल एवढीच फट हवी. बाराव्यावर तारेची उंची अडीच मिलिमीटरपर्यंत चालेल. तारा ०.०११ च्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात) लाव. कव्हर मात्र जाड घे, वरच्या बर्थवर लोक बॅगा कशाही फेकतात.